मूठ दिसेपर्यंत

शाळेतला जॅझचा वर्ग पुढच्या वर्षी ठेवायचा की त्याचा गाशा गुंडाळायचा, हे मुख्याध्यापक हॅगलुंड नाताळच्या कार्यक्रमात ठरवणार होते. म्हणून वर्ना मॅडमनी बारा मुलांकडून एक नाताळगीत महिनाभर घोटून घेतलं होतं. मध्ये ओपलने एकटीने सॅक्सोफोनवर एकच तुकडा फिरवत राहायचं आणि मॅडमनी मूठ वर केली की सगळ्यांनी शेवटाकडे वळायचं.

"मूठ दिसेपर्यंत छत कोसळलं तरी पुढे सरकायचं नाही!" मॅडमनी बजावलं होतं.

छत शाबूत राहिलं, पण इमारत उबदार ठेवणारा बॉयलर बंद पडला. मिनेसोटातला डिसेंबर तो. सभागृहात दात वाजू लागले. मुख्याध्यापकांच्या मातोश्री, सॉल्विगआजी, पहिल्या रांगेतून उठल्या आणि स्वतः विणलेले जाडजूड हातमोजे त्यांनी मॅडमच्या हातांत चढवले. अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकाच पिशवीत.

"आजी, राहू द्या हो."

"गप गं. माझे हातमोजे काढलेले मला खपत नाहीत. विचार माझ्या लेकाला!"

लेकाने निमूट मान डोलावली.

गाणं झकास सुरू झालं. ओपलने पाठ केलेला तुकडा वाजवला, मॅडमनी मूठ उंचावली. पण त्या लोकरीत मूठ काय नि पंजा काय, नुसता बटाटा दिसत होता.

"मूठ आहे का रे?" ओपलने ड्रमवाल्या टोबायसला विचारलं.

"पंजा वाटतोय. वाजव!"

तिने तोच तुकडा पुन्हा वाजवला. मग पुन्हा. मॅडम दोन्ही हात हलवू लागल्या. लोकांना वाटलं, बाई टाळ्या मागतायत. त्यांनी ठेका धरला. "संपवा!" मॅडम ओरडल्या, पण त्या कडकडाटात ऐकतो कोण? हातमोजा दातांनी ओढायला गेल्या, तर समोर आजींनी डोळे वटारले. चौदाव्या फेरीला ओपल कळवळली, "माझे ओठ गेले!" वर्गही गेलाच, असं वाटून मॅडमना रडू यायचं तेवढं बाकी होतं.

अखेर हॅगलुंड सर ताडकन उठले. "बास झालं!" म्हणत त्यांनी मूठ उगारली. उघडीवाघडी, थंडीने लाल झालेली, अस्सल मूठ.

बाराही मुलं एका दमात शेवटच्या सुरावर पोचली आणि थांबली. टाळ्याही थांबल्या.

सर आपल्या मुठीकडे बघतच राहिले. अकरा वर्षांत शाळेतल्या एकाही पोराने त्यांचं पहिल्या फटक्यात ऐकलं नव्हतं. घरी तर प्रश्नच नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "वर्ग राहणार. फक्त हे जरा परत सुरू करा. मला अजून एकदा थांबवायचंय."