पन्नास वर्षांचा आराखडा आणि एक डबा लाल रंग

आमच्या शहरातल्या जुन्या बागेचं पुढच्या पन्नास वर्षांत काय होणार, हे अख्ख्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. तो माणूस म्हणजे मी! उद्यान विभागाचा सहायक नियोजक. बाग एकशेतीस वर्षांची, मी बेचाळीसचा; पण तिच्या भल्याबुऱ्याची अक्कल अर्थातच मला जास्त. तीनशे बारा पानांचा आराखडा लिहिला होता मी! प्रत्येक पानावर 'दीर्घकालीन' हा शब्द किमान दोनदा. कुठली पायवाट रुंद होणार, कुठलं कारंजं निघणार, कुठला बाक कुठे तोंड करून बसणार, सगळं पक्कं. उद्या डब्यात काय हवं, हे मला आज सांगता येत नाही, असं बायको म्हणते. पण थोर माणसांची घरात कदर होते कुठे?

आराखडा मंजूर करणाऱ्या समितीची पाहणी पंधरा दिवसांवर आली होती. एकच काम उरलं होतं. आजारी झाडांवर खुणा करायच्या, म्हणजे त्यांना औषधपाणी, टेकू वगैरे देता येतील. मी स्टोअरकीपरकडे पांढरा रंग मागितला.

"पांढरा संपलाय. लाल आहे."

"पांढरा कधी येईल?"

"अर्ज टाकून ठेवा. तुमची योजना पन्नास वर्षांची आहे ना? तेवढ्यात येईल."

मी मुकाट्याने लाल डबा उचलला. आमचे हेडमाळी, म्हणजे माळीबुवा, तीस वर्षं बागेतच एका खोलीत राहतात. शब्द असे वापरतात, जणू प्रत्येक शब्दासाठी अर्ज करावा लागतो. तेसुद्धा म्हणाले, "साहेब, लाल बघून लोक भलतंच समजतील."

"माळीबुवा, लोक सुशिक्षित आहेत!" असं म्हणून मी त्रेपन्न झाडांवर ताटाएवढे लालभडक ठिपके मारून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरतोय, तोच आत्या फिरून आली. माझी आत्या आमच्याकडेच असते. आयुष्यभर शाळेत पीटी शिकवली तिने. ती निवृत्त झाली. तिच्या गळ्यातली शिट्टी अजून नोकरीत आहे.

"त्रेपन्न झाडं तोडणार आहेत!" ती दारातूनच कडाडली. "लाल खुणा केल्यात मेल्यांनी! कोण तो नतद्रष्ट, एकदा हाताला लागू दे माझ्या!"

आता इथे मी खरं सांगायला हवं होतं. 'आत्या, नतद्रष्ट चहा पितोय,' एवढंच वाक्य. पण मी म्हणालो, "छे छे, काय एकेक माणसं असतात! बिस्कीट दे गं एक."

बायकोने माझ्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. बाहीवर लाल रंग होता.  ती बिस्किटांचा डबा उचलून आत घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी बागेत दोनशे माणसं झाडांना मिठ्या मारून उभी! ज्यांनी जन्मात कधी बायकोचा हात धरला नसेल, ते गृहस्थ खोडाला गाल लावून डोळे मिटून उभे. आत्या मधल्या चौथऱ्यावर. एक शिट्टी वाजली की घोषणा, दोन वाजल्या की पाणी प्यायची सुट्टी. आणि वर्तमानपत्रवाले फोटो काढतायत!

माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला. "लोकांना शांत करा. काय वाटेल ते सांगा, पण माझ्यापर्यंत काही येता कामा नये." आमच्या विभागात खरं दीर्घकालीन धोरण हे एवढं एकच.

मी माळीबुवांच्या आड लपत लपत गेलो. शिट्टी वाजली. माझ्याचसाठी!

"तू इथे काय करतोयस रे?"

"अगं, मी... म्हणजे... तो नतद्रष्ट..."

आत्याच्या हातून शिट्टी सुटली. दोनशे जणांनी एकदम झाडं सोडली आणि ते माझ्याकडे वळले. माझं मिठी मारण्यासारखं शरीर नाही, आणि त्यांचा बेतही मिठी मारण्याचा दिसत नव्हता. मी टुणकन एका बाकावर चढलो आणि ओरडलो, "मंडळी, गैरसमज झालाय! लाल ठिपका म्हणजे सुरक्षित! ज्यावर लाल ठिपका, त्याला पन्नास वर्षं कुणी हात लावणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! आत्याने डोळे पुसले. मी मान लववून अभिवादन करणार, एवढ्यात मागून एक चष्मेवाले काका म्हणाले, "मग ज्यांच्यावर ठिपका नाही, त्यांचं काय?"

 बागेत आणखी दोन हजार झाडं होती.

"त्यांचं... बघू की नंतर," मी म्हणालो.

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला सगळे रंगाचे डबे घेऊन हजर. नऊच्या आत दोन हजार झाडं लाल. मग लोकांना बाकांची दया आली. मग वीस वर्षं एक थेंब न उडवलेल्या कारंज्याची. नाक तुटलेल्या दगडी सिंहाची. मोडक्या घसरगुंडीची. चहावाल्याने आपल्या टपरीला चारी बाजूंनी ठिपके मारले, वर छपरालाही, न जाणो समिती विमानातून आली तर! फाटकाशी उभ्या असलेल्या साहेबांच्या गाडीलाही एक बसला. म्हणजे तीही आता पन्नास वर्षं बदलायची नाही.

आणि माळीबुवांच्या खोलीच्या दाराशी, खाली कोपऱ्यात, नाण्याएवढा एक ठिपका दिसला.

"हे कुणी केलं, माळीबुवा?"

"थोडा रंग उरला होता, साहेब."

आराखड्याचं पान दोनशे सात: 'जीर्ण खोली पाडून तिथे सेल्फी पॉइंट.'

"तुम्ही वाचलंत ते?"

"टाइप करणाऱ्या बाईंनी वाचून दाखवलं."

तीनशे बारा पानं लिहिली मी, आणि त्यातली एक ओळसुद्धा या माणसाला विचारून लिहिली नव्हती.  ठिपका फारच लहान होता. समितीला दिसला नसता. मी ब्रश मागून घेतला आणि तो दाराएवढा करून टाकला.

पाहणीच्या दिवशी समितीच्या अध्यक्षबाई हातात माझा आराखडा आणि पेन्सिल घेऊन आल्या. मागे साहेब, त्यांच्या मागे मी, माझ्या मागे आत्या आणि तिचे दोनशे.

"हे कारंजं काढायचं म्हणताय?"

"हो, मॅडम."

"यावर ठिपका आहे."

"हो, मॅडम."

"तुमचाच शब्द. पेपरात छापून आलाय." काट!

पायवाट: काट. घसरगुंडी: काट. पान दोनशे सात: काट! तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं. दोन तासांत माझ्या पन्नास वर्षांतली सगळी वर्षं संपली. उरली प्रस्तावना आणि आभार.

एवढ्यात बाई थबकल्या. "ही पत्र्याची इमारत कसली?"

"हे आमचं ऑफिस," साहेब छाती काढून म्हणाले.

बाईंनी इमारतीला एक पूर्ण फेरी मारली. मागच्या बाजूला वाकून पाहिलं. खिडकीखाली पाहिलं. मग पेन्सिल कानाला खोचून म्हणाल्या, "यावर एकही ठिपका नाही."

ठराव एकमताने मंजूर झाला. एरवी आमच्याकडे खिळा ठोकायला सहा महिने लागतात. ऑफिस आठ दिवसांत भुईसपाट! सध्या मी पाणीपुरवठा विभागाच्या जिन्याखाली बसतो. उभं राहायचं असलं की आधी बाहेर यावं लागतं.

परवा न राहवून आत्याला विचारलंच, "अगं, घसरगुंडीला मारलास, टपरीला मारू दिलास, एक ठिपका माझ्या ऑफिसला मारला असतास तर?"

"मारणारच होते रे," आत्या कळवळून म्हणाली. "ब्रशसुद्धा बुडवला होता. पण सगळ्यांना विचारलं, तर सगळे म्हणाले, 'रंग कशाला वाया घालवता?'"