लाल मखमलीतला तारा

शाळेच्या हॉलमध्ये मुकेशनं लाल मखमली कव्हर घातलेला गोळा आणून ठेवला आणि नीलिमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंबरनाथच्या या शाळेत ती विज्ञान शिकवायची. प्रदर्शनासाठी तिला हवा होता मरायला टेकलेला, मधोमध कापलेला तारा. बाहेर हायड्रोजन, मग हेलियम, कार्बन, ऑक्सिजन, सिलिकॉन, असे रंगीत फोमचे थर आणि गाभ्यात खरं लोखंड. लोखंड नवऱ्यानं, म्हणजे मुकेशनं, कारखान्यातून आणलं होतं. फोमचं काम त्यानंच उल्हासनगरला कॅम्पातल्या कुशनवाल्याकडे टाकलं होतं.

"थर कुठायत?"

"आत आहेत ना. तो बोलला, असा उघडा माल मी दुकानातून सोडत नाय. कव्हर फ्रीमध्ये दिलं."

"आणि हे पाय?"

"लोळत होता म्हणून ठोकले त्यानं."

चेनही नव्हती, पक्की शिलाई होती. यंदा चालती, म्हणजे काहीतरी करून दाखवणारी मॉडेल्सच जिल्ह्याला जाणार, असं मुख्याध्यापिका सुनेत्रा मॅडमनी आधीच बजावलं होतं. नीलिमाला एकदा तरी जिल्ह्याला जायचं होतं, आणि तिच्या ताऱ्याचे थर तर नुसते दिसतही नव्हते. कुशनवाल्याचा आणि नवऱ्याचा एकत्र उद्धार करत ती कात्री आणायला धावली.

तेवढ्यात बदलापूरचे परीक्षक जिने चढून धापा टाकत आले. देह भरभक्कम, खुर्ची कुठंच नाही. मुकेशनं अदबीनं तारा पुढे सरकवला. नीलिमा दारात पोचली तेव्हा साहेबांनी अंग सोडून दिलं होतं. हायड्रोजन दबला, हेलियम दबला, एकेक थर बसत गेला आणि साहेब थेट लोखंडाला टेकले. ते ताडकन उसळले, शिलाई टर्रकन उसवली, फोमचे तुकडे हॉलभर उडाले. सिलिकॉन साहेबांच्या मागून आलेल्या सुनेत्रा मॅडमच्या डोक्यावर पडलं.

"हे काय आहे?" साहेबांनी कंबर धरून विचारलं.

माफी मागण्याइतकी नीलिमा शुद्धीवर नव्हती. ती कडाडली, "तारा आहे सर. शेवटी गाभ्यात लोखंड साठतं. त्यातून ऊर्जा मिळत नाही. मग सगळं आत कोसळतं, गाभ्यावर आपटतं आणि उसळून फुटतं. आत्ता झालं तसं."

साहेबांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला: चालतं मॉडेल, जिल्ह्यासाठी निवड. त्या दिवशी ते पुन्हा कुठंच बसले नाहीत.

घरी जाताना मुकेश खुशीत होता. "बघ, झालं ना सिलेक्ट? उद्याच परत शिवून आणतो."

"आण," नीलिमा दिवसात पहिल्यांदाच गोड बोलली. "जिल्ह्याला दिवसभर दाखवायचंय. दर वेळी त्यावर तू बसणार आहेस."