केतकीसाठी शेवटची ओळ

आमच्या माळी गल्ली महिला वाचनालयात कादंबरीतल्या नायिकेचं लग्न कुणाशी व्हावं हे वाचकांच्या अभिप्रायावर ठरतं, आणि अभिप्राय घ्यायला नायिका स्वतः घरी येते. सोमवारी पुस्तक न्यायचं, बुधवारी सकाळी दहाला ती वही घेऊन दारात उभी राहते. तिला चहा द्यायचा, वहीत एक ओळ लिहायची, खाली सही करायची. आपण लिहिलेलं त्याच दिवशी पुस्तकात घडतं. यात गल्लीत कुणाला काही विशेष वाटत नाही.

मला मात्र काळजी लागली होती. माझी रेवती आठ महिन्यांची आहे, खालचा एक दात आलाय, दुसरा येऊ घातलाय, आणि अशा वेळी घरात नवीन माणूस येणार. त्या बाईला सर्दी असली तर? म्हणून मी आधी पुस्तक चाळून ती कुठं शिंकते का ते बघितलं. चौथ्या प्रकरणात ती एकदा शिंकते, पण ती मिरचीच्या फोडणीने. मग जिवात जीव आला.

कादंबरीचं नाव ‘केतकीचं काही खरं नाही’. केतकीला तीन स्थळं. एक दातांचे डॉक्टर निखिलेश, दुसरा लग्नात वरून फोटो काढणारा ड्रोनवाला पराग, आणि तिसरा सदानंद केटरर. ती डॉक्टरांना भेटायला जाते तेव्हा परागचा ड्रोन खिडकीशी येतो. परागबरोबर फिरायला जाते तेव्हा सदानंदचा टेम्पो आडवा येतो. साखरपुड्याचा पेढा एकाच्या हाताने खाते, अंगठी दुसऱ्याची असते आणि बिल तिसरा मागतो. मी तोंडात ओढणी कोंबून हसत होते, कारण रेवती नुकतीच झोपली होती. एकशे अठ्ठ्याऐंशी पानावर ती उठलीच.

बुधवारी बरोबर दहाला दार वाजलं. केतकी उभी होती, पिवळी साडी, काखेत वही. डावा गाल हळदीने माखलेला, उजवा कोरा.

“वहिनी, तुम्ही एकशे अठ्ठ्याऐंशीवर थांबलात,” ती म्हणाली. “तिथं एकच गाल झालाय.”

“बाळ उठलं होतं हो.”

“चालतं. वरच्या आळीतल्या एका वाचकांनी मला जत्रेच्या आकाशपाळण्यात अगदी वर नेऊन पुस्तक मिटलं. दिवाळीचा फराळ झाल्यावर उघडलं.”

आतून माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, विचारलं, “कोण आलंय गं मोनाली?”

“पुस्तकातली आहे, आत्या.”

“मग चपला बाहेर काढ म्हणावं. आत्ताच पुसलंय.”

केतकीने चपला काढल्या आणि सतरंजीवर बसली. मी चहा टाकला. तिने वही उघडून माझ्यापुढे ठेवली.

एका पुस्तकाला वहीचं एक पान मिळतं. पानावर तेहतीस ओळी असतात. पहिली ओळ कलावतीकाकू शेट्यांची होती. काकू वाचनालयाच्या अध्यक्ष आहेत. त्यांनी लिहिलं होतं, “तिने अजून एकदा विचार करावा.” त्याच्याखाली एकतीस बायकांनी एकतीस ओळींत लिहिलं होतं, “वरीलप्रमाणे.” सह्या मात्र प्रत्येकीने वळणदार केल्या होत्या.

खरं सांगायचं तर मीही तेच लिहिणार होते. आमच्याकडे असंच लिहितात. काकूंपेक्षा वेगळं लिहून कोण वाईटपणा घेईल? माझ्या लग्नाच्या वेळी मुलगा पसंत आहे का विचारलं, तेव्हा मीसुद्धा घरचे म्हणतील तसं म्हणाले होते. नशिबाने घरच्यांचं बरोबर निघालं.

“वहिनी,” केतकी म्हणाली, “माझा बत्तीस वेळा विचार झालाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे बत्तीस वेळा हळद लागली, बत्तीस वेळा मांडवात गेले आणि अंतरपाट धरला की मला विचार करावा लागतो. अभिप्रायच तसा आहे. हळद आता निघत नाही. बँडवाले वाद्यं पेटीत ठेवायचे बंद झालेत. भटजी मंगलाष्टकं पाचव्यापासून सुरू करतात, पहिली चार धरून चाला म्हणतात. सदानंदने बत्तीस वेळा बासुंदी आटवलीय.”

“अगं बाई!”

“आणि ही शेवटची ओळ आहे. ती भरली की पान पुस्तकात शिवून टाकतात. मग बदल नाही. तुम्ही वरीलप्रमाणे लिहिलंत तर मी जन्मभर अंतरपाटामागे विचार करत उभी राहीन. वाळवी लागेपर्यंत.”

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. चहा कपाबाहेर गेला.

“मग तूच सांग ना, तुला कोण आवडतो?”

“मला सांगता येत नाही. नियम सहावा. पुस्तकातल्या माणसाने अभिप्राय देऊ नये.”

“मी कसं ठरवू? मी सातवी शिकलेली. उद्या मी एक लिहीन आणि तुझं वाईट झालं तर? पाप कुणाला?”

तेवढ्यात रेवती पाळण्यात कुरकुरली. केतकीने तिला उचललं. मी गॅस बारीक करता करता म्हणाले, “मानेखाली हात घे. असा नाही, असा. हळद तिच्या अंगाला लागू देऊ नकोस. पंख्याखाली नको उभी राहूस. खिडकीतही नको, तिथं ऊन येतं. बांगडी तोंडात घालेल, वर सरकव. हलवू नकोस गं इतकी, आत्ताच दूध प्यायलीय. ढेकर आला का? पाठ थोपट. थोपट म्हणजे मार नव्हे.”

असं दुपारपर्यंत चाललं. रेवतीला पेज भरवली, मग मी राहिलेली पानं वाचली, केतकीचा दुसराही गाल पिवळा झाला. मधे मी विचारलं, “दात येताना जुलाब होतात का गं?”

“निखिलेश म्हणतो, दातांमुळे नाही होत.”

“मग कशामुळे?”

“हाताला लागेल ते तोंडात जातं, त्यामुळे.”

क्षणभर माझ्या मनात आलं, डॉक्टरच बरा. गल्लीत एक दातांचा डॉक्टर ओळखीचा झाला तर रेवतीचं किती सोपं होईल. पण ते माझं झालं, केतकीचं नव्हे. मी तो विचार पाण्यासारखा ओतून दिला.

जेवायला बटाट्याची भाजी केली होती. केतकीने पहिला घास घेतला आणि नकळत म्हणाली, “मीठ कमी आहे. सदानंद असता तर आधी चाखून...” आणि तिने पुढचा घास तोंडात कोंबला. कान लाल झाले. हळदीवर लालपणा काही लपत नाही.

आत्या भाकरी मोडत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

“नियम सहावा मोडला का हा?” मी विचारलं.

“भाजीबद्दल बोलली ती,” आत्या म्हणाल्या. “भाजीबद्दल कुणीही बोलावं.”

“तरी आत्या, मला अभिप्राय द्यायची सवय नाही.”

यावर केतकीने ताटातून मान वर केली. “वहिनी, मी सकाळपासून मोजतेय. तुम्ही मला एक्केचाळीस अभिप्राय दिलेत. बत्तीस बायकांनी मिळून एक दिलाय.”

आत्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “हिला विचार! माझ्या आंघोळीच्या पाण्यातसुद्धा बोट घालून बघते.”

शेवटची ओळ घरी लिहिता येत नाही. ती वाचनालयात, अध्यक्षांसमोर, चारच्या आत लिहावी लागते. रेवतीला टोपडं घातलं, वरून रुमाल घेतला, रुमालावर पदर घेतला आणि पुस्तक काखेत मारून आम्ही तिघी निघालो. आत्या मागून येऊन मिळाल्या. असं काही त्या चुकवत नाहीत.

वाचनालयात बुधवारी गर्दी असते. कलावतीकाकू खुर्चीवर बसल्या होत्या. ग्रंथपाल विजयमालाताई खरात दाभण आणि दोरा घेऊन तयारच होत्या. काकूंनी मला पेन दिलं.

“लिही बाई. चार वाजताहेत. वरीलप्रमाणे लिहिलंस की झालं.”

“काकू, जरा हिला धरता?” मी रेवतीला त्यांच्या मांडीवर दिलं आणि लिहायला बसले.  पेन टेकवलं आणि काय झालं कोण जाणे, मी हे लिहिलं:

“केतकीने सदानंदशी लग्न करावं, पण भर उन्हात नको, पाचनंतर, आधी दोन घास खाऊन घ्यावेत, उपाशीपोटी चक्कर येते, शालू टोचतो म्हणून आतून सुती अस्तर लावावं,”

इथं ओळ संपली. मी वही आडवी फिरवली आणि समासातून वर गेले.

“हळद कोमट पाण्याने काढावी, खरवडू नये, अक्षता लांबून फेकू नयेत, डोळ्यात जातात, ड्रोन खाली उतरवावा, कुणाच्या तरी डोक्यात पडेल, परागला खाली बसवून आइस्क्रीम द्यावं,”

“अगं अगं!” काकू ओरडल्या. “एकच ओळ लिहायची असते!”

“एकच आहे काकू. अजून संपली नाही. तिचं बोट सोडवा, तुमच्या गंठणात अडकलंय. आणि मानेला हात लावा.”

काकूंनी मानेला हात लावला. मी वही आणखी फिरवली. आता पानाच्या वरच्या कडेने ओळ उलटी चालली होती.

“डॉक्टर निखिलेशना वाईट वाटेल म्हणून त्यांना पहिल्या पंगतीला मानाने बसवावं, तिथं कुणी आपले दात दाखवायला जाऊ नये, सदानंदने त्या दिवशी स्वयंपाकात जाऊ नये, त्यालाही कुणीतरी गरम वाढावं,”

काकू म्हणाल्या, “विजयमाला, हे नियमात बसतं का?”

विजयमालाताईंनी नियमावली काढली, चष्मा वर केला, सगळं पान वाचलं. “एक ओळ लिहावी असं आहे. किती लांब ते नाही. वळू नये असंही नाही.”

“पण मी लिहिलेलं?” काकूंचा आवाज जरा बारीक झाला. “अध्यक्षांचा अभिप्राय राहिलाच बाजूला.”

तेव्हा आत्या बोलल्या. त्या आणि काकू एकाच वर्षी या गल्लीत नांदायला आल्या, त्यामुळे त्या बोलू शकतात. “कलावती, खरं सांग. तू पुस्तक वाचलंस का?”

काकूंनी रेवतीचं टोपडं उगाच नीट केलं. “चष्मा दुरुस्तीला दिला होता,” त्या म्हणाल्या. “विचार करावा असं लिहिलं की कुणाला लागत नाही. मला काय माहीत ती खरंच करत बसेल!”

मागच्या बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. मग कळलं की वाचून सही केलेल्या तिघीच होत्या, आणि त्या तिघींनाही सदानंदच आवडला होता. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. एकीचं म्हणणं, मला ड्रोनवाला आवडतो, पण लग्नाला नाही, नुसता बघायला. दुसरी म्हणाली, डॉक्टर कसला, पहिल्या भेटीत केतकीला जांभई द्यायला लावून दाढा मोजतो. तिसरी म्हणाली, टेम्पो आडवा घातला ना सदानंदने, तेव्हाच मी म्हटलं, हाच. एवढं हसणं त्या खोलीत मी कधी ऐकलं नव्हतं. रेवती घाबरेल म्हणून मी मागे बघितलं, तर ती काकूंच्या मांडीवर टाळ्या वाजवत होती.

“बायांनो, चारला दोन मिनिटं!” विजयमालाताई म्हणाल्या.

समास आता एक बोटभरच उरला होता. मी बारीक अक्षरात लिहिलं, “आणि लग्न झाल्यावर चार दिवस त्यांच्याकडे कुणीही जाऊ नये.” खाली सही केली. काकूंनी मंजूर असा शिक्का मारला. शिक्का मारताना रेवतीला सांभाळून मारला.

विजयमालाताईंनी पान पुस्तकात शिवलं. केतकी माझ्याजवळ आली.  तिने रेवतीचा पाय हातात घेऊन दाबला, चपला उचलल्या आणि पुस्तकात गेली. ताईंनी पुस्तक कपाटात ठेवलं.

पाच वाजून गेल्यावर कपाटातून सनई ऐकू आली. आवाज हळू ठेवला होता, मुलं झोपली असतील म्हणून. आम्ही सगळ्या कपाटासमोर उभ्या होतो. भटजींनी मंगलाष्टकं पहिल्यापासून म्हटली. आत तांदूळ सांडल्याचा आवाज झाला, अगदी जवळून टाकल्यासारखा. काकूंनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, “अस्तर लावलं ते बरं केलं हो.” नंतर बासुंदीचा वास आला. कुणी केली होती कोण जाणे, पण वेलची जरा जास्त झाली होती.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक उघडेना. विजयमालाताईंनी नखाने बघितलं, पट्टीने बघितलं. मग त्यांना माझी ओळ आठवली आणि त्यांनी कपाटावर चिठ्ठी लावली की हे पुस्तक चार दिवस मिळणार नाही. चार दिवस वाचनालयात जेवढ्या बायका आल्या, तेवढ्या हळदीकुंकवालाही येत नाहीत. यादी झाली. पहिलं नाव कलावतीकाकूंचं होतं. त्यांचा चष्मा आला होता.

मला चार दिवस झोप नव्हती. अस्तर नीट बसलं असेल ना, ती जेवली असेल ना, सदानंदला कुणी गरम वाढलं असेल ना. रेवतीला घेऊन मी रोज कपाटाशी जाऊन कान लावत होते. आतून भांड्यांचा आवाज यायचा आणि दोघांचं हसणं. शब्द काही कळायचे नाहीत.

पाचव्या दिवशी दहाला विजयमालाताईंनी कपाट उघडलं. काकूंनी चष्मा पुसला आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. आम्ही सगळ्या वाकलो. मुखपृष्ठ आपोआप बोटभर वर झालं. आतून कुणीतरी आमच्याकडे बघितलं, इतक्या बायका बघून मुखपृष्ठ परत खाली आलं, आणि कडी लावल्याचा आवाज झाला. तो सगळ्यांनी ऐकला.

काकूंनी पदर तोंडाला लावला. “राहू दे बाई,” त्या म्हणाल्या. “गडबड काय आहे?”

मग आम्ही एकेकीने दुसरं काहीतरी वाचायला घेतलं आणि घरी गेलो.