चीफचं मत

टेबलावर आठ वस्तू होत्या: चहाचे मग दोन, दम्याचा पंप एक, लाल ड्रॅगनचा छोटा झेंडा एक, कागदाची डॅफोडिलची फुलं तीन आणि वेल्सहून आलेलं नकाराचं पत्र एक.

वेल्सपासून दूर, वुडलँड्स या वस्तीतला तो फ्लॅट मूळच्या वेल्सच्या एमरिसचा. तो जहाजावर चीफ इंजिनिअर असताना दिलीप अकरा वर्षं त्याच्या हाताखाली होता, त्यामुळे एमरिस निवृत्त झाला तरी दिलीप त्याला ‘चीफ’च म्हणे.

“परदेशात राहणाऱ्याला मत नाही म्हणतात,” एमरिस म्हणाला. डॉक्टरांनी त्याचा विमानप्रवास कायमचा बंद केला होता.

वेल्सच्या विधानसभेनं लंडनला न विचारता कायदे करावेत का, यावर गुरुवारी, ३ मार्च २०११ला, सार्वमत होतं. मुळात विधानसभा हवी का, हे १९९७ साली विचारलं, तेव्हा ‘हो’ अवघ्या ६,७२१ मतांनी तरलं. त्या वेळी मतदानाला जाण्यासाठी एमरिसची रजा मंजूर होती. पण पुण्यात दिलीपच्या आठ वर्षांच्या गार्गीला टायफॉइड झाला आणि एमरिसनं आपली रजा त्याला देऊन टाकली.

तीच गार्गी आता वेल्समध्ये एमएस्सी करत होती.

“चीफ, तिथं राहणाऱ्या भारतीयाला मत आहे. वसतिगृहानं तिचं नावही मतदार यादीत घातलंय.”

“म्हणजे मला नाही, पण तुझ्या पोरीला आहे?” एमरिस खोकला येईपर्यंत हसला. मग पंप ओढून म्हणाला, “तिला सांग, माझ्यासाठी ‘हो’ म्हण.”

दिलीपनं घरी येऊन फोन लावला. “गार्गी, ते चीफचं मत आहे. चुकवू नकोस.”

“हो बाबा, कितीदा सांगाल?”

“आणि शाईच्या बोटाचा फोटो पाठव. पुरावा हवा.”

“स्वेटर घालून जा गं!” मागून दिलीपची बायको शुभदा ओरडली.

शुक्रवारी सकाळी फोटो आला. दिलीपनं तो मोठा छापून घेतला. नुसता कागद काय द्यायचा, म्हणून फ्रेम केली. नुसती फ्रेम काय द्यायची, म्हणून शुभदानं पेढे केले.

शनिवारी दोघं पोचले, तर एमरिस टाय लावून बसलेला. त्यानं फ्रेम बराच वेळ पाहिली. डावी तर्जनी, नखापासून पेरापर्यंत सरळ निळी रेघ.

“सुंदर,” तो म्हणाला. “तिला माझे आभार सांग.”

“तुमच्याकडची शाई किती दिवस टिकते हो, चीफ?” शुभदानं पेढा पुढे केला. “आमची महिनाभर जात नाही.”

एमरिसनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही.

“आमच्याकडे शाई लावत नाहीत, शुभदा. पेन्सिलनं फुली मारायची, कागद पेटीत टाकायचा आणि घरी जायचं.”

दिलीपनं फ्रेम उचलायला हात पुढे केला. एमरिसनं तिच्यावर आपला पंजा ठेवला.

“राहू दे. तिनं निदान बोट तरी रंगवलं. माझा भाऊ कार्डिफलाच राहतो. म्हणाला, पाऊस होता, गेलोच नाही.”

त्यानं फ्रेम झेंड्याशेजारी उभी केली, चष्मा लावला आणि निकालाचा कागद मोठ्यानं वाचला.

‘हो’ ६३.४९ टक्के. मतदान ३५.६३ टक्के.