खिडक्या, शिपाई आणि भास्कर भोये

भास्कर भोये प्रश्न विचारतो आणि थांबतो. आपण थांबतो तसा नव्हे. वाट पाहताना आपण पाय हलवतो, मोबाइल काढतो, कान खाजवतो. भास्कर यांतलं काहीच करत नाही. टपरीवर "एक चहा, साखर कमी" असं म्हणाला, की चहा हातात पडेपर्यंत त्याच्यात आणि टपरीच्या खांबात फरक एवढाच, की खांबाला चष्मा नसतो.

एकदा त्याने मला जव्हारच्या भर बाजारात विचारलं, "दादा, खोडाळ्याची गाडी गेली का?" अंदाजपंचे उत्तर द्यायची मला सवय नाही. मी म्हटलं, "डेपोत विचारून सांगतो." डेपोत चौकशीच्या खिडकीवरचा माणूस जेवायला गेला होता. तो आला, त्याने पान जमवलं, मग उत्तर दिलं. मी परतलो तेव्हा भास्कर त्याच जागी होता. पाट्या डोक्यावर घेतलेल्या बाया त्याला वळसा घालून जात होत्या आणि एक शेळी त्याच्या पिशवीतली मेथी निवांत खात होती.

"अरे, हाकल की तिला!"

"उत्तर आलं की पुढं," भास्कर म्हणाला. "गेली का गाडी?"

"गेली."

"बरं," असं म्हणून त्याने शेळीकडे पाहिलं. तोवर मेथीच्या जुडीचे नुसते देठ उरले होते.

मी जव्हारमध्ये एका शाळेत कारकून आहे. आकडा जुळेपर्यंत मला जेवण जात नाही, त्यामुळे विक्षिप्तपणाबद्दल बोलायचा मला फारसा अधिकार नाही, असं माझी बायको सुनंदा म्हणते. भास्कर आमच्या शेजारची खोली भाड्याने घेऊन राहतो. गाव त्याचं दाभोशाकडचं, एका पाड्यावरचं. आश्रमशाळेत शिकला, मग इंजिनियर झाला आणि पुण्याच्या कंपनीत इस्पितळातल्या यंत्रांच्या आतला प्रोग्राम लिहू लागला. पुढे लांब रजा टाकून तो इकडे आला, त्याचं कारण त्याची थोरली बहीण. तिला तो बाय म्हणतो.

आई लवकर गेली. भास्करला बायनेच वाढवलं. तिचा आवाज पाड्यात नावाजलेला. तिने खाचरातून हाक मारली, की नदीपलीकडची गुरंसुद्धा मान वर करायची म्हणे. अर्धांगवायूचा झटका आला, हातपाय हळूहळू परत आले, वाचा मात्र आली नाही. तेव्हापासून भास्करच्या डोक्यात एकच गोष्ट. बायला बोलतं करायचं. चित्रांची बटणं असलेला एक डबा करायचा, ती बटण दाबेल, डबा बोलेल. पाणी, भाकर, भूक लागली, दुखतंय. बाजारातले तयार आवाज त्यांच्या घरची बोली बोलत नाहीत, म्हणून सगळे शब्द भास्करने स्वतःच्या आवाजात भरले होते.

"मग अडलंय कुठं?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

त्याने एक डबा करून नेला होता. सगळे वापरतात तीच तयार प्रणाली आत घातलेली. पाड्यावर वीज कधी कमी, कधी जास्त. आवाजाच्या भोंग्याची तार जराशी हलली आणि अख्खा डबाच मेला. बायने बटण दाबलं, पुन्हा दाबलं, डब्याला थापट मारली, आणि मग भास्करकडे पाहिलं.

"कशी पाहिली?"

"पाहिली," एवढंच तो म्हणाला. त्यानंतर तो पाड्यावर गेलाच नाही. सुनंदा विचारायची, "भास्करभाऊजी, बहिणीला भेटून या की. जीपने किती लांब आहे?" यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "डबा बोलला की जाईन, वहिनी."

आता डब्याच्या आत काय असतं, ते मला त्याने समजावून सांगितलं. त्यातलं तीनचतुर्थांश मला कळलं, तेवढंच सांगतो.

आपल्या नेहमीच्या संगणकात एकच मोठा साहेब असतो. फाइली ठेवायची कोठी त्याच्याकडे, भोंगा त्याच्याकडे, पडदा त्याच्याकडे, सगळ्या किल्ल्या त्याच्याच कंबरेला. काम झपाट्याने होतं. पण साहेबाला ताप आला, की कचेरी बंद. भास्करला हा साहेबच नको होता. त्याच्या डब्यात मधोमध नुसता एक शिपाई. हा शिपाई स्वतः काही करत नाही. इकडची चिठ्ठी तिकडे नेतो, तिकडचं उत्तर इकडे आणतो. कामं करायला वेगवेगळ्या खिडक्या. कोठीची वेगळी, भोंग्याची वेगळी, बटणांची वेगळी. भोंग्याच्या खिडकीवरचा कारकून चक्कर येऊन पडला तर दुसरा बसवायचा. बाकीच्या खिडक्यांना पत्ताही लागत नाही.

"झकास," मी म्हटलं. "मग तू काय लिहितोयस?"

"झाडाखालचा माणूस."

आमच्या इथे सरकारी कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहून देणारे बसतात. पाड्यावरचा माणूस येतो आणि आपल्या बोलीत सांगतो, माझं रेशनकार्ड हरवलं. त्याला खिडक्या ठाऊक नसतात, शिपाई ठाऊक नसतो. झाडाखालचा माणूस ते कचेरीच्या भाषेत उतरवतो, योग्य खिडकीचं नाव घालतो, चिठ्ठी शिपायाकडे देतो, आणि आलेलं उत्तर पुन्हा बोलीत सांगतो. पाड्यावरच्याला वाटतं, यानेच काम केलं!

शब्द वाजवणारा प्रोग्राम भास्करला आयता मिळाला होता, सी नावाच्या भाषेत लिहिलेला. त्याला चार गोष्टी मागता येत होत्या: फाइल उघड, वाच, लिही, जागा दे. जुना मोठा साहेब हे सगळं एका हाकेत करायचा. नव्या शिपायाला यातलं काहीच येत नाही, त्याला फक्त चिठ्ठ्या कळतात. म्हणून मधला माणूस हवा. प्रोग्रामने "उघड" म्हटलं, की त्याने कोठीला चिठ्ठी पाठवायची आणि उत्तर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. या मधल्या माणसाला त्या धंद्यात सी लायब्ररी म्हणतात. भास्कर लायब्ररी लिहितोय असं मी घरी सांगितल्यावर सुनंदाने त्याच्याकडे दिवाळी अंक मागितला, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं ऐकल्यावर मला त्याचं बाजारात खांब होणं उमगलं. माणूस दिवसभर ज्याच्या संगतीत राहतो, त्याचं वळण लागतंच. आमच्या शाळेतला घंटा देणारा शिपाई घरीसुद्धा जेवताना मध्येच घड्याळ बघतो.

श्रावण-भाद्रपदात आमच्या पठारावर ढग खाली उतरतात आणि गल्लीतून चालू लागतात. समोरचं घर आहे असं आठवणीवरून मानावं लागतं. वाळत घातलेले कपडे वाळत नाहीत, नुसते तरंगत राहतात. अशा एका सकाळी धुक्यातून आवाज आला, "दुखतंय."

मी आणि सुनंदा एकमेकांकडे पाहत राहिलो. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, अगदी शांतपणे, "दुखतंय."

आमच्या गल्लीत एक निवृत्त कंपाउंडर राहतात. ते मलमाची बाटली घेऊन निघाले आणि धुक्यात चुकून आमच्याच घरात शिरले. त्यांना भास्करच्या ओटीवर पोचवेपर्यंत आवाज म्हणाला, "भूक लागली." पलीकडच्या आजींनी नागलीची भाकर आणि ठेचा पाठवला. भास्कर डबा मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मलमही घेतलं, भाकरही घेतली.

"माणसा, तुला झालंय काय?" कंपाउंडर ओरडले.

"मला काही नाही. हा एकच शब्द बोलतो आणि गप्प होतो. पुन्हा चालू करावा लागतो."

दुखणं हेच होतं. पहिला शब्द अगदी स्वच्छ यायचा. दुसरं बटण दाबलं, की डबा चूप. मेलेला नसायचा, आत दिवा जळत असायचा. नुसता कसली तरी वाट बघत बसायचा. असे कित्येक आठवडे गेले. भास्कर वाळला. पठाराच्या कडेला जाऊन उभा राहायचा आणि खालच्या दरीत साचलेल्या ढगाकडे बघायचा. पुण्याहून कंपनीचे फोन येऊ लागले होते, रजा संपत आली होती. परत जावं लागलं असतं तर बायला न भेटताच गेला असता, एवढं मला कळत होतं.

शेवटी मी त्याला म्हटलं, "मला हिशेब जुळला नाही, की मी तो मोठ्याने वाचतो. तू आम्हाला सगळं करून दाखव. अगदी चिठ्ठ्यांसकट."

त्याला ते पटलं. आमच्या माजघरात कचेरी भरली. "दादा, तुम्ही झाडाखाली. वहिनी, तुम्ही कोठीची खिडकी, स्वयंपाकघरात उभ्या राहा. मी शिपाई. ही खुर्ची म्हणजे प्रोग्राम."

"खिडकीचं काम करताना दुधाकडे बघितलं तर चालेल ना?" सुनंदाने विचारलं.

"खिडकीने फक्त चिठ्ठ्यांकडे बघायचं."

खुर्चीने "पाणी" हा शब्द मागितला. मी चिठ्ठी लिहिली, भास्करने ती आत नेली, सुनंदाने पाण्याचा पेला दिला, तो खुर्चीवर आला. सगळं बिनचूक.

"आता," भास्कर म्हणाला, "शब्द दिला की कोठीने त्याची नोंद करायची. वहिनी, नोंद करायला तुम्हीही झाडाखालीच या. सगळे तिथूनच जातात."

सुनंदा पदराला हात पुसत माझ्यासमोर आली. "अहो, नोंद करायचीय."

"नोंदी कुठे असतात?"

"कोठीत."

मी चिठ्ठी लिहिली: कोठीस, एक नोंद करावी. भास्कर ती घेऊन स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे उभे राहिलो.

"आता मी काय करू?" सुनंदा म्हणाली.

"उत्तर आलं की पुढं."

"कोण देणार उत्तर?"

"कोठी."

"कोठी मीच ना? मग जाऊ आत?"

"छे! उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही."

"अहो भाऊजी, मी इथं माझ्याच उत्तराची वाट बघत उभी राहू होय?"

आत दूध फसफसून शेगडीवर सांडलं. त्याचा वास माजघरात आला, तरी भास्कर दारातच होता. मग त्याचं तोंड हळूहळू उघडलं. "वहिनी," तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही..." आणि चप्पल न घालता आपल्या खोलीकडे पळाला.

"मी काय केलं?" सुनंदाने मला विचारलं.

तिने काहीच केलं नव्हतं, तेच तर दुखणं होतं. कोठी स्वतःलाच चिठ्ठी पाठवून बाहेर वाट बघत बसत होती आणि चिठ्ठी आत तिची वाट बघत होती. कोठीवाल्याने आपल्या घरची नोंद आपल्या हाताने करावी, झाडाखाली येऊ नये, एवढाच काय तो उपाय. संध्याकाळी शेजारून एका दमात आवाज आला, "पाणी, भाकर, भूक लागली, दुखतंय, पाणी." सुनंदाने दुधाचं भांडं घासता घासता डोळे पुसले आणि वर म्हणाली, "राखेने झोंबतात."

दाभोशाकडे जाताना त्याने मला सोबत घेतलं. जीपमध्ये आम्ही दाटीवाटीने बसलो होतो, डबा त्याच्या छातीशी. रस्ता उतरत होता आणि ढग वर चढत होते. मध्येच एखादं भाताचं खाचर उघडं पडायचं, हिरवंगार, आणि पुन्हा मिटायचं.

"तिला आवडेल ना?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पोचल्यावर बघून सांगतो."

बाय अंगणात तांदूळ पाखडत होती. भास्करला पाहून तिने सूप खाली ठेवलं. तिची सून मंजुळा लगबगीने आली, शेजारीपाजारी जमले. भास्करने डबा बायच्या मांडीवर ठेवला. तिने आधी सगळी चित्रं नीट निरखली. मग पाण्याचं दाबलं.

"पाणी," भास्करचा आवाज म्हणाला. मंजुळा धावत जाऊन तांब्या घेऊन आली. बायने तो बाजूला ठेवला आणि भाकरीचं दाबलं. भाकर आली, तीही बाजूला. मग पुन्हा पाणी, पुन्हा भाकर, पुन्हा पाणी. प्रत्येक शब्दाला ती मान जराशी कलती करायची.

"पानी नको त्यांना," मंजुळा म्हणाली. "मामा, तुमचा आवाज आयकं त्या. तुमी आलेच नाय किती दिस."

भास्कर डब्यातल्या तारा तपासायला वाकला होता, तसाच राहिला. "बाय, तुला काय पाहिजे ते सांगायला केलाय गं हा," तो म्हणाला, "तू बोलावंस म्हणून."

बायने डबा मांडीवरून उचलून सुपाशेजारी ठेवला. मग हात पुढे करून दोन बोटं त्याच्या ओठांवर टेकवली.

"काय बोलू?" तो म्हणाला. त्याचा आवाज डब्यातल्यापेक्षा खूपच वाईट येत होता. "बाय, माझी खोली गळते. शेजारच्या वहिनी चांगल्या आहेत. त्यांचं दूध सांडलं माझ्यामुळे. कंपनीचे लोक बोलवतात..."

बघता बघता तो घरच्या बोलीत शिरला आणि मला कळेनासं झालं. जमलेली माणसं पांगली. परतीच्या जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला. मी हात हलवून त्याला जायला सांगितलं. धुकं अंगणाच्या कडेपर्यंत येऊन बसलं होतं. भास्कर बोलत होता. त्याचं एक सांगून संपलं, की बाय त्याच्या गुडघ्यावर बोट दाबायची आणि तो पुढचं सांगायचा.