डोअरकीपर, एलएल.बी. दुसरं वर्ष

गुलाबराव चरपे लायब्ररीत टॉर्च घेऊन येतात. लायब्ररीत ट्यूबलाइट आहेत, सगळ्या लागतात. तरी कपाटांच्या रांगेत शिरताना गुलाबरावांची टॉर्च पेटते आणि मागून येणाऱ्याच्या पायाशी उजेडाचा गोल धरून ते कुजबुजतात, "या, या. तिसरी रांग. संभाळून, खाली स्टूल हाये."

सहासष्ट वर्षांचे गुलाबराव माझे वर्गमित्र. तीस वर्षं ते नागपुरातल्या एका टॉकीजचे डोअरकीपर होते. बी.ए.सुद्धा त्यांनी दोन शोंच्या मधल्या वेळात, जिन्यावर बसून केलं. मी अठ्ठेचाळीसची. गांधीबागेत आमचं साड्यांचं ठोक दुकान आहे. दुकानाच्या वकिलाला काहीही विचारलं की तो म्हणायचा, "ते तुम्हाला नाही कळायचं, भाभीजी." म्हणून मी लॉ कॉलेजात नाव घातलं.

पहिल्याच वर्षी निवाडे कसे शोधायचे आणि त्यांचा हवाला कसा द्यायचा हे शिकवलं. म्हणजे सरांनी फळ्यावर लिहिलं आणि आम्ही उतरवून घेतलं. वर्ष, खंड, पान, परिच्छेद, इथे चौकोनी कंस, तिथे गोल. मला ते समजलं गुलाबरावांमुळे, फाटकाबाहेरच्या चहाच्या ठेल्यावर.

"ताई, तिकीट पाहा. तारीख, शो, रांग, नंबर. यातलं एक चुकलं तं मानूस दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसते. हवाल्याचंबी तसंच."

सुप्रीम कोर्ट म्हणजे बाल्कनी. हायकोर्ट खालच्या मजल्यावर, पण मागच्या चांगल्या खुर्च्यांत. त्याखालची कोर्टं पडद्याजवळच्या बाकांवर. "बाकावाल्यानं बाल्कनीकडं पाहून शिटी नाही मारायची." निवाड्याच्या सुरुवातीला छापणारे जो सारांश देतात, ते पोस्टर. "पोस्टर पाहून पिक्चर पाह्यला म्हनते का कोनी?" आमच्या वर्गातली निम्मी मुलं तेच म्हणतात, हे मी त्यांना सांगितलं नाही.

वर्गातल्या रियाने एकदा मोबाइलला विचारून एक निवाडा आणला. नाव भारदस्त, पान नंबरसकट. गुलाबराव दीड तास टॉर्च घेऊन फिरले आणि घाम पुसत परत आले.

"बेटा, हे सीटच नाही टॉकीजमधी."

"पण काकाजी, मोबाइलनं सांगितलं ना."

"ब्लॅकवालाबी असंच सांगते."

दुसऱ्या वर्षी शोधनिबंधासाठी दोघादोघांच्या जोड्या लावल्या. विषय होता नोकरीतली खातेनिहाय चौकशी. माझी जोडी गुलाबरावांशी लागली. मला कामं झटपट उरकायची सवय आहे. एका निवाड्यात मला एक खणखणीत वाक्य सापडलं, ते मी हवाल्यासकट लिहून टाकलं: 'न्यायालय म्हणते की...' गुलाबरावांनी मूळ निवाडा काढला, त्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि दोन पानं मागे उलटली.

"ताई, हे कोर्ट नाही म्हनून राहिलं. हे मालकाचा वकील म्हनून राहिला. कोर्टानं नुसतं लिहून घेतलं. पुढं उडवून लावलं. तुमी व्हिलनचा डायलॉग हिरोच्या नावावर टाकला."

चूक माझीच होती, पण दुपारचे तीन वाजले होते आणि दुकानात माल यायचा होता. मी म्हटलं, "चार ओळी आहेत, काकाजी. सर कुठे एवढं उघडून पाहतात? कोणाचं काय बिघडतं?"

गुलाबरावांनी पुस्तक मिटलं आणि ते निघून गेले. ते दोन दिवस आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी आले ते सरळ माझ्या टेबलाशी. माझ्यासमोर मोबाइल ठेवला. त्यावर एका निवाड्याच्या परिच्छेद सहाचा फोटो होता. इंग्रजीत लिहिलेलं होतं की, सदर कामगारास विनातिकीट प्रेक्षकांना आत सोडून पैसे घेण्याची सवय होती. कामगाराचं नाव, गुलाबराव चरपे.

"मालकाच्या वकिलानं म्हटलेलं," ते म्हणाले. "मले काढलं होतं तवा. कोर्टानं परिच्छेद चौदामधी म्हटलं, याले काहीच पुरावा नाही. मले कामावर परत घेतलं. पन पुतन्यानं मोबाइलवर माझं नाव शोधलं, त्याले सहावा दिसला. त्यानं घरच्या ग्रूपवर टाकला. खाली लिहिलं, हायकोर्टाचा निकाल."

"मग?"

"मंग काय! मी ग्रूप सोडला. दादा काटोलले राहते, मोठा भाऊ माझा. दोन दिवाळ्या झाल्या, त्याचा फोन नाही."

"तुम्ही करायचा. सांगायचं, मी जिंकलो म्हणून."

"आपल्याच तोंडानं? मीच पार्टी अन् मीच साक्षीदार? कोन मानते?"

मग त्यांनी पिशवीतून जाडजूड गठ्ठा काढला. दादांसाठी तयार केलेलं टिपण. चौदा पानं, एकतीस तळटीपा, शेवटी संदर्भसूची. कायदा ते कशासाठी शिकत होते ते मला तेव्हा कळलं. दोन वर्षांचा अभ्यास त्या एका वाचकासाठी होता.

मी ते चाळलं आणि विचारलं, "दादांना इंग्रजी येतं?"

"नाही."

"मराठी?"

"पोथी वाचते. हळू."

"मग हे काय त्यांनी उशाला घ्यायचं?"

गुलाबरावांचा चेहरा पडला. पण गिऱ्हाइकाला काय पेलतं ते पाहून माल दाखवावा, हे मला दुकानाने शिकवलंय. रविवारी त्यांना दुकानात बोलावलं. गादीवर बसून आम्ही परिच्छेद चौदाचं मराठी केलं. साधं, पोथीच्या मोठ्या अक्षरात, एका पानात मावेल असं. 'मालकाने असा आरोप केला' आणि 'न्यायालय म्हणते, याला काहीच पुरावा नाही' ही वाक्यं वेगवेगळ्या ओळींवर. खाली एक तळटीप मी राहू दिली. ते सहा मागत होते.

सोमवारी सकाळच्या बसने गुलाबराव काटोलला गेले. मी आमचा निबंध दुरुस्त केला, सगळे हवाले पुन्हा उघडून पाहिले. अजून दोन ठिकाणी वकील बोलत होता.

गुलाबराव शुक्रवारी उगवले.

"काय झालं?"

"कागद घेतला. चष्मा सापडे ना. मंग वहिनीले म्हने, तू वाच वं. तिनं वाचला. पुन्हा वाचाले लावला. तिसऱ्यांदा वाचाले लावला तं ती म्हने, भाजी करपून राहिली."

"आणि दादा?"

"दादानं त्याच पुतन्याले हाक मारली. म्हने, हे टाक ग्रूपवर. माझ्यासमोर टाक." गुलाबरावांनी नाक ओढलं. "चार दिवस येऊच नाही दिलं मले. वावरातली संत्र्याची झाडं दाखवत फिरवलं. एक-एक झाड! मी म्हटलं, दादा, माझा वर्ग बुडते. म्हने, बुडू दे."

"माफी मागितली?"

"काहून मागंन? मोठा हाये तो."

निबंध आम्ही वेळेत दिला. सरांनी उघडून पाहिला की नाही, मला माहीत नाही.

आता रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास गुलाबरावांचा मोबाइल टेबलावर थरथरतो. लायब्ररीतले सगळे वर पाहतात. गुलाबराव हातातलं पुस्तक उघडं टाकून व्हरांड्यात धावतात आणि खिडकीतून सगळं ऐकू येतं. दूरच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं असं त्यांच्या दादांना वाटतं, आणि गुलाबरावांनाही.

"हो दादा... नाही, अजून नाही जेवलो. साडेसहाले कोन जेवते गा!... हो, घेतली गोळी... फवारनी झाली का?... बरं... बरं. ठेवतो आता, वर्ग हाये... हो. उद्याबी कर."