शेवटचा दीड मीटर

माणसाला जन्मतः दोन कान मिळतात. ऐकू मात्र त्याला योग्य वायर घेतल्यावरच येते. हे तत्त्व आमच्या भावोजींनी निवृत्तीनंतर सिद्ध केले. त्याआधी ते वजनमापे तपासणारे निरीक्षक होते. तराजूत राईएवढी खोट सापडली तरी दुकानदाराला घाम फोडायचे. आता ते म्हणतात, "जे मोजता येतं ते खरं नसतंच."

म्युझिक सिस्टीमला वीज पुरवणारी ही वायर दीड मीटर लांब आणि मनगटाएवढी जाड आहे. (किंमत ताईला सांगितलेली नाही; मला अर्धीच सांगितली.) जमिनीला टेकू नये म्हणून ती चार लाकडी ठोकळ्यांवर विसावते. तिच्याखाली झाडू फिरवायला मनाई आहे. (केर चालतो. केराने नाद बिघडत नाही.)

वीज कोसन् कोस खांबांवरून, कावळ्यांच्या पायांखालून, जिन्याखालच्या जळमटांतून येते; मग हा शेवटचा दीड मीटर काय दिवे लावणार, अशी शंका मी नम्रपणे मांडली.

"घरात शिरताना पाय पुसतोच ना आपण?" भावोजी म्हणाले.

ताई घरीच शिवणकाम करते. घरात धड चालणारे सॉकेट एकच, आणि ते वायरीकडे गेल्यापासून तिचे मशीन बंद पडले होते. शाळेचे गणवेश दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचे होते आणि सहा सदऱ्यांच्या बाह्या अजून जोडायच्या होत्या.

"तासभर सॉकेट द्या हो," ती म्हणाली.

"वायर मुरतेय," भावोजी म्हणाले. (नवी वायर दोनशे तास मुरावी लागते. गणवेश मुरत नाहीत.)

त्याच संध्याकाळी श्रवणसभा भरली. उपस्थिती सहा. नियम दोन: डोळे मिटून ऐकावे, आणि ज्याला फरक जाणवणार नाही त्याने कान तपासून घ्यावेत. पहिले गाणे झाले. फरक सहापैकी सहांना जाणवला. (दोघांना गाणे सुरू होण्यापूर्वीच.)

"आता दोन गाण्यांमधली शांतता ऐका," भावोजी कुजबुजले. "खरी गंमत तिथेच आहे."

शांतता अप्रतिम होती. ती फारच लांबली तेव्हा मी एक डोळा उघडला. ताईने वायर उपटली होती, त्या जागी मशीनची लांब वायर खोचली होती आणि ती आत निघाली होती. जाताना तिने माझ्याकडे पाहिले. मी डोळा मिटला.

आतून बारीक, एकसारखा ठेका सुरू झाला.

"काय सफाई आहे!" दातांचे डॉक्टर म्हणाले.

"अगदी शेजारच्या खोलीत वाजतंय असं वाटतं," वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले.

पाऊण तास कोणी डोळा उघडला नाही. सगळ्यांत मोठी वाहवा माझी होती. ताईने वायर पुन्हा जागेवर लावली, मग टाळ्या झाल्या. सदरे सकाळी वेळेवर गेले.

"असला नाद या घरात कधी ऐकला नव्हता," भावोजी डोळे पुसत म्हणाले. (मशीन या घरात अठ्ठावीस वर्षे चालते आहे.)

हे वाचायला तुम्हालाही पाच मिनिटे निवांत मिळाली. आतल्या खोलीत कसल्या तरी कामाचा आवाज चालू असेल. जरा ऐका. साध्या वायरीवरही येतो.